कोपार्सनर हा मुळात बहिणींचा शब्द

कोपार्सनर हा शब्द इंग्रजी कायद्यात तयार झाला तो मुलींसाठी. भाऊ नसलेल्या बहिणींना बापाच्या पश्चात त्याची जमीन एकत्र मिळायची, त्या बहिणी म्हणजे कोपार्सनर. हे वाचलं तेव्हा मी वकिली सुरू करून बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ते कुठेतरी नीट लिहून ठेवावं असं मनात आहे, कारण आपल्याकडे याच शब्दाने जवळजवळ दीडशे वर्षं मुलींना दाराबाहेर ठेवलं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक दावे जमिनीच्या वाटपाचे. कायद्याच्या मराठी पुस्तकांत या शब्दाला सहदायाद म्हणतात, सहदायिकही म्हणतात. पण अख्खा युक्तिवाद मराठीत करणारे माझे सहकारीही बोलताना कोपार्सनरच म्हणतात. वडिलोपार्जित मिळकतीत ज्याला जन्मानेच हक्क मिळतो, तो कोपार्सनर. लॉ कॉलेजात आम्ही व्याख्या पाठ केली होती ती अशी: मूळ पुरुष, त्याचा मुलगा, नातू आणि पणतू. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींसाठी केलेली दुरुस्ती आमच्या पुस्तकात शेवटी परिशिष्टात होती आणि परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नसे. त्यामुळे हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर ओसरीवर बसलेले पुरुषच यायचे.

आता शब्दाकडे येते. लॅटिनमध्ये 'पार्स' म्हणजे भाग आणि 'पार्तितिओ' म्हणजे वाटणी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'पार्सोनिये' झाला, म्हणजे वाटेकरी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड घेतलं आणि पुढे कित्येक पिढ्या तिथल्या वरच्या वर्गाची आणि कोर्टांची भाषा फ्रेंच राहिली. त्या फ्रेंचमधून 'पार्सनर' इंग्रजीत आला. त्याच्या आधी 'को' लागला तो 'सह' या अर्थाने. आपण रोज वापरतो तो पार्टनर हा याच पार्सनरचा बदललेला अवतार आहे आणि पार्सलही त्याच 'पार्स'च्या कुळातलं. धंद्यातला पार्टनर आणि वारसाहक्कातला पार्सनर हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत.

या शब्दाची पहिली सविस्तर मांडणी मी वाचली ती थॉमस लिटलटन या न्यायाधीशाची. तो वारला १४८१ साली. जमिनीच्या हक्कांवर त्याने कायद्याच्या फ्रेंचमध्ये एक पुस्तक लिहिलं आणि ते आपल्या मुलाला उद्देशून लिहिलं. पुढची तीन-चार शतकं इंग्लंडमधला प्रत्येक वकील ते शिकत आला. त्याच्या तिसऱ्या भागाचं पहिलंच प्रकरण पार्सनरांवर आहे. लिटलटन म्हणतो, पार्सनर दोन प्रकारचे: एक सर्वसाधारण कायद्याने होणारे आणि दुसरे रूढीने होणारे. सर्वसाधारण कायद्याचे पार्सनर कोण, तर जमीनमालक मेला, त्याला मुलगा नाही, फक्त मुली आहेत, तर ती जमीन सगळ्या मुलींकडे जाते, आणि त्या मुली पार्सनर. त्यांना पार्सनर का म्हणायचं तेही तो सांगतो: त्यांच्यापैकी एकीने जरी वाटणी मागितली, तरी कायदा बाकीच्यांना वाटणी करायला भाग पाडतो म्हणून. आणि पुढे एक फार सुंदर गोष्ट सांगतो. मुली कितीही असोत, त्या सगळ्या मिळून बापाचा एकच वारस.

दुसरा प्रकार रूढीचा. इंग्लंडच्या केंट परगण्यात सगळे मुलगे सारखे वारस होत, तेव्हा ते भाऊही पार्सनर. म्हणजे पुरुष पार्सनर तिथे अजिबात नव्हते असं नाही. पण एका परगण्याची ती रूढी होती. बाकी इंग्लंडभर सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जायची, त्यामुळे भावांमध्ये वाटणीचा प्रश्नच उभा राहत नसे. प्रश्न उभा राहायचा तो फक्त बहिणींमध्ये.

बहिणींनी वाटणी कशी करायची, ते लिटलटनने इतकं बारकाईने लिहिलंय की वाचताना मला आमच्याकडच्या वाटपाच्या बैठका आठवल्या. पंच मिळून सारखे वाटे पाडू शकतात. तसं झालं तर थोरल्या बहिणीने पहिला वाटा उचलायचा, मग दुसरीने, मग तिसरीने. पण वाटे थोरलीनेच पाडले असतील, तर तिने सगळ्यांत शेवटी उचलायचं. यावर पुढे कायद्याचं एक लॅटिन सूत्रच झालं: वाटे एकाने पाडावेत, निवड दुसऱ्याने करावी. आणखी एक रीत म्हणजे चिठ्ठ्या. प्रत्येक वाटा एकेका चिठ्ठीवर लिहायचा, ती चिठ्ठी मेणात गुंडाळून तिची गोळी करायची, सगळ्या गोळ्या एका टोपीत टाकायच्या, टोपी त्रयस्थ माणसाच्या हातात द्यायची आणि थोरलीने आधी हात घालायचा. जे निघेल ते जिचं तिला. आमच्याकडे मेण नसतं, टोपीऐवजी तांब्या किंवा डबा असतो आणि चिठ्ठी उचलायला घरातल्या लहान पोराला पुढे करतात. बाकी सगळं तेच. पंधराव्या शतकातल्या त्या पानावर टोपीत हात घालणाऱ्या सगळ्या बायका आहेत, एवढा फरक.

या कायद्याचं सगळ्यांत मोठं खरं उदाहरण विल्यम मार्शलच्या घराण्याचं. हा पेम्ब्रोकचा अर्ल, आपल्या काळातला इंग्लंडमधला फार मोठा सरदार, १२१९ साली वारला. त्याला पाच मुलगे आणि पाच मुली. पाचही मुलगे एकामागून एक अर्ल झाले आणि कुणाच्याही मागे औरस संतती राहिली नाही. शेवटचा भाऊ अँसेल्म १२४५ च्या अखेरीस गेला आणि एवढी मोठी दौलत पाच बहिणींच्या नावे आली: मॉड, जोन, इझाबेल, सिबिल आणि ईव्हा. आयर्लंडमधल्या लेन्स्टरचे पाच वाटे झाले. मॉडला कार्लो, जोनच्या वाट्याला वेक्सफर्ड, इझाबेलच्या किलकेनी, सिबिलच्या किल्डेअर आणि ईव्हाच्या डनामेझ. मॉड थोरली, म्हणून राजाच्या दरबारातलं मार्शलपद तिच्याकडे गेलं. वाटणी झाली तेव्हा बाकी चौघी हयात नव्हत्या, तरी त्यांचे वाटे बुडाले नाहीत. सिबिलला तर मुलगा नव्हता, सात मुली होत्या. त्या साती जणी आईच्या जागी उभ्या राहिल्या आणि आईचा वाटा त्यांनी आपसात घेतला.

मेलेल्या बहिणीचा वाटा तिच्या लेकरांकडे जातो, बाकीच्या बहिणींकडे सरकत नाही, हे इथे नीट ध्यानात ठेवायला हवं. इंग्रजी कोपार्सनरीचं हे मुख्य लक्षण. पुढे आपल्याकडे काय झालं ते यावरूनच कळतं.

इंग्लंड मुलींवर उदार होतं असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. एक जरी भाऊ असला, अगदी शेंडेफळ असला, तरी सगळ्या थोरल्या बहिणी बाजूला. जमीन मिळालेल्या बहिणीचं लग्न झालं की ताबा नवऱ्याचा. त्यांना जिवंत मूल झालं असेल, तर बायको मेल्यावरही नवरा ती जमीन मरेपर्यंत खाऊ शके. आणि १५४० साली मृत्युपत्राने जमीन देण्याची मुभा मिळाल्यावर बापाला लेकी डावलून पुतण्याला जमीन देण्याची वाट मोकळी झाली. तरीही, जमीन बहिणींकडे आली की त्यांची वाटणी कशी करायची याचा नीट, न्याय्य, लेखी कायदा होता आणि त्या कायद्याचं नाव कोपार्सनरी होतं.

याच प्रकरणाला लागून लिटलटनने आणखी एक शब्द समजावला आहे: हॉचपॉट. वाटपाच्या दाव्यात आम्ही तो आजही रोज वापरतो. 'वादीने सर्व मिळकती हॉचपॉटमध्ये आणलेल्या नाहीत' हा प्रतिवादीचा ठरलेला बचाव. मूळ फ्रेंच शब्द स्वयंपाकघरातला. हॉच म्हणजे हलवणं, ढवळणं आणि पॉट म्हणजे भांडं. लिटलटन लिहितो की याला इंग्रजीत पुडिंग म्हणतात, कारण त्यात एकच जिन्नस नसतो, अनेक जिन्नस एकत्र केलेले असतात. कायद्यात त्याचा उपयोग असा: बापाने एका मुलीला लग्नात जमीन दिली असेल आणि बाप मेल्यावर तिलाही बहिणींबरोबर वाटा हवा असेल, तर तिने लग्नात मिळालेली जमीन आधी त्या भांड्यात घालायची. मग सगळ्याची बेरीज करून सारखे वाटे करायचे आणि तिला आधी मिळालेलं तिच्या वाट्यातून वळतं करायचं. भांड्यात घालायची नसेल, तर तिने मिळालं तेवढ्यावर समाधान मानायचं.

हे वाचलं आणि मला माझ्या ऑफिसात येणाऱ्या बाया दिसायला लागल्या. परवाच एक मावशी आल्या होत्या.

"मॅडम, लग्नात पाच तोळं घातलं, मांडव घातला, आता आनि काय मागतीस म्हनतोय भाऊ."

"मावशी, जमीन किती आहे?"

"असंल की नऊ एकर. विहीर हाय, ऊस हाय."

पाच तोळ्यांत नऊ एकर बागायत फिटते, असा हिशोब गावोगाव चालतो. तो हिशोब कुणी कागदावर मांडतच नाही. पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कायद्याने निदान तो मांडायला लावला होता. लग्नात दिलं म्हणतोस ना, मग त्याची किंमत धर, भावाच्या शिक्षणाला, घराला, ट्रॅक्टरला दिलं त्याचीही धर, सगळं एकत्र कर आणि मग वाटे पाड. मी हे मावशींना तसंच सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं, कारण सरस-निरस वाटप म्हणजे काय हे खेड्यातल्या बाईला वकिलापेक्षा जास्त कळतं. विहिरीजवळचं एक एकर आणि माळावरचं एक एकर सारखं नसतं हे तिला कुणी शिकवावं लागत नाही.

आता हा शब्द आपल्याकडे कसा आला ते.

बाराव्या शतकाच्या आसपास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मानेच हक्क येतो हा सिद्धांत त्यातला. त्याने दायाचे, म्हणजे वारशाने येणाऱ्या मिळकतीचे, दोन प्रकार केले, अप्रतिबंध आणि सप्रतिबंध. मुलगा, नातू, पणतू यांचा हक्क कुणी अडवू शकत नाही, तो अप्रतिबंध. मुलगी, पत्नी, भाऊ यांचा हक्क मूळ मालक किंवा त्याचा मुलगा हयात असेपर्यंत अडलेला, तो सप्रतिबंध. बंगालमध्ये जीमूतवाहनाचा 'दायभाग' हा ग्रंथ चालायचा, तिथे जन्माने हक्क नव्हता. आपल्या बाजूला मिताक्षरेबरोबर नीलकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख' मानत. हा नीलकंठ सतराव्या शतकातला, काशीत राहणारा, पण घराणं मूळ पैठणचं. मुंबई इलाख्यातली एक गोष्ट मी अभिमानाने सांगते. वेगळ्या राहणाऱ्या, मुलगा नसलेल्या बापाची मिळकत मुलीला मिळाली, तर इथल्या कायद्याप्रमाणे ती पूर्ण मालकीची मिळायची. इतर बऱ्याच प्रांतांत ती फक्त तिच्या हयातीपुरती असायची.

१७७२ साली बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं की वारसाहक्काच्या बाबतीत हिंदूंना त्यांच्या शास्त्राचा कायदा लावायचा. मग शास्त्रांची भाषांतरं सुरू झाली. मिताक्षरेतलं वारसाहक्काचं प्रकरण आणि दायभाग यांचं कोलब्रुक या कंपनीच्या संस्कृत जाणणाऱ्या अधिकाऱ्याने केलेलं इंग्रजी भाषांतर १८१० मध्ये कलकत्त्याला निघालं. संस्कृत न येणाऱ्या न्यायाधीशांनी त्यावर निकाल दिले आणि निकाल देताना आपल्या ओळखीचे शब्द वापरले. एकत्र कुटुंबातले बाप, मुलगे, भाऊ यांचं एकत्र मालकीपण त्यांना कोपार्सनरीसारखं वाटलं.

त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा निकाल १८६३ चा, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हा आपल्यासाठी असलेल्या सगळ्यांत वरच्या अपील कोर्टाचा, शिवगंगेच्या जमीनदारीचा. तमिळ मुलखातला शिवगंगेचा जमीनदार १८२९ साली वारला. आम्ही एकत्र कुटुंब आहोत असं सांगून त्याच्या थोरल्या भावाच्या मुलाने जमीनदारी घेतली. जमीनदाराची मुलगी कट्टमा नाच्चियार लढत राहिली आणि शेवटी जिंकली. जमीनदारी तिच्या वडिलांनी स्वतः मिळवलेली होती, म्हणून ती पुतण्याच्या वंशाकडे न जाता लेकीकडे आली. पण हा निकाल देताना कौन्सिलने एक तत्त्व घालून दिलं: हिंदू एकत्र कुटुंबात सदस्यांमध्ये कोपार्सनरी असते आणि तिच्या मागोमाग उत्तरजीवित्व येतं. म्हणजे एक पुरुष मेला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांकडे सरकतो. लेकीने जिंकलेल्या दाव्यातलं हे वाक्य पुढे असंख्य लेकींच्या विरोधात वाचलं गेलं.

इंग्लंडच्या कोपार्सनरीत उत्तरजीवित्व नव्हतंच. सिबिलच्या सात मुलींचं उदाहरण मी म्हणूनच सांगितलं. म्हणजे शब्द इथे आला तेव्हा त्यातून दोन गोष्टी गळून पडल्या. ज्या मुलींसाठी तो होता त्या मुली गेल्या. मेलेल्याचा वाटा त्याच्या लेकरांना, मग ती मुलगी का असेना, हा नियमही गेला. राहिलं फक्त नाव. न्यायाधीशांना केंटच्या भावांचं उदाहरण ठाऊक असणार आणि विज्ञानेश्वराच्या व्यवस्थेत जन्मसिद्ध हक्क पुरुषांनाच होता, हेही खरं. अन्याय त्या शब्दाने निर्माण केला असं मी म्हणत नाही. पण त्याने त्या अन्यायाला कायद्याचं घट्ट, परकं, सामान्य माणसाला न समजणारं नाव दिलं. भाऊबंदकी म्हटलं की निदान कळतं की यात भाऊच आहेत.

१९३७ साली मुंबईचे डॉक्टर गोपाळराव विनायक देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या वाट्यात हयातीपुरता हक्क मिळाला. मुलीला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चालवलेल्या हिंदू कोड बिलात जन्मसिद्ध हक्क आणि उत्तरजीवित्व, म्हणजे मिताक्षरेची कोपार्सनरीच, काढून टाकायची तरतूद होती आणि मुलीला वाटा होता. ते बिल अडवलं गेलं. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला तो कोपार्सनरी शाबूत ठेवून.

त्या कायद्याने मुलीला काय मिळालं ते मावशींच्या नऊ एकरांवरच मांडून बघू. आई आधीच गेलेली, बाप, दोन मुलगे, एक मुलगी. १९५६ च्या हिशोबाने बाप मरण्याच्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं, पण ती फक्त पुरुषांत: बापाला तीन एकर, दोघा मुलग्यांना तीन-तीन. मग बापाच्या तीन एकरांत तिन्ही मुलांना एक-एक. म्हणजे भावांना चार-चार एकर आणि बहिणीला एक. मुलगी वारस होती, कोपार्सनर नव्हती. तीन एकरांचा फरक त्या एका शब्दाचा. आणि राहत्या घरात भाऊ वाटणी मागेपर्यंत तिने मागायची नाही, असं वेगळं कलमही होतंच.

आंध्रने १९८० च्या दशकात, तमिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला जन्माने कोपार्सनर केलं. आपल्या राज्यात तारीख ठरली २२ जून १९९४ आणि अट घातली की त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलीला हा हक्क नाही. माझ्या ताईचं लग्न १९९१ चं, माझं १९९७ चं. एकाच बापाच्या, एकाच घरात वाढलेल्या आम्ही दोघी. मी कोपार्सनर, ती नाही. शेतातल्या खुरपणीला, भांगलणीला ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गेली होती, कारण ती थोरली होती आणि तिची शाळाही लवकर सुटली होती. मी कायदा शिकत असताना ही तारीख मला घरातच भेटली. तिच्यापुढे पुस्तक उघडून ते कलम दाखवायचं धाडस मला कधी झालं नाही.

९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती आली. मुलगी जन्माने, मुलाप्रमाणेच, स्वतःच्या हक्काने कोपार्सनर. लग्न झालेलं असो वा नसो. राहत्या घराचं ते कलमही गेलं. त्यानंतर बाप त्या तारखेला हयात हवा की नको यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल उलटसुलट येत राहिले आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मिटवलं: हक्क जन्माचा आहे, बाप त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या मोडायच्या नाहीत. मावशींच्या नऊ एकरांत आता चार कोपार्सनर. एकराचे चाळीस गुंठे धरले तर प्रत्येकाचे नव्वद गुंठे, बापाच्या नव्वद गुंठ्यांत तिघांना तीस-तीस. बहिणीला तीन एकर, भावांना तीन-तीन.

२००५ च्या दुरुस्तीने उत्तरजीवित्वही रद्द केलं. कोपार्सनर मेला की त्याचा वाटा त्याच्या वारसांना जातो. म्हणजे लिटलटनच्या पानावर जो अर्थ होता, मुली आत आणि मेलेल्याचा वाटा त्याच्या लेकरांना, तो भारतात परत आला. इंग्लंडमध्ये मात्र १९२५ च्या कायद्याने थोरल्या मुलाचा अग्रहक्क आणि केंटची रूढी दोन्ही संपवली, आणि त्याबरोबर कोपार्सनरीचं कामही जवळपास संपलं. आज हा शब्द रोजच्या कामात वापरतात ते मुख्यतः आपल्याकडचे वकील, न्यायाधीश आणि एकत्र कुटुंबाचं आयकर विवरण भरणारे सीए. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने थोरली मुलगी कुटुंबाची कर्ताही, म्हणजे एकत्र मिळकतीचा कारभार पाहणारी प्रमुखही, होऊ शकते असं सांगितलं.

आमचे वडील २०११ साली गेले. ताई आधी म्हणाली, "मला नको गं, दादाशी वाईट होईल." दादाच म्हणाला, "वाईट कशानं होईल? तू काय शेजारची आहेस?" वाटे त्याने पाडले आणि पहिली उचल ताईला दिली. तिने ओढ्याकडचा तुकडा घेतला. जिथे भाऊ असा असतो तिथे कायद्याचं काम सोपं होतं, आणि असे भाऊ आहेत, हे मी मुद्दाम लिहिते.

पण बहुतेक ठिकाणी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र होतं. बहिणीला साडी-चोळी, परतीच्या एसटीत बसवायला भाऊ स्वतः येतो, मुद्रांक शुल्क नाममात्र. कागदावर लिहिलेलं असतं की तिने 'राजीखुशीने' हक्क सोडला. मग फेरफार होतो आणि सातबारावर तिच्या नावाला कंस पडतो, म्हणजे ते नाव कमी होतं. कुठे कुठे तर तिचं नाव मालकाच्या रकान्यात येतच नाही, सरळ 'इतर हक्क' मध्ये टाकलेलं असतं, आणि तिला वाटत राहतं की नाव लागलंय म्हणजे झालं. माझ्याकडे कुणी बहीण हक्कसोडीचा मसुदा घेऊन आली की मी तिच्या भावाला बाहेर बसवते आणि तिचा वाटा गुंठ्यांत काढून तिला सांगते. सही करायची की नाही ते ती ठरवते. काही जणी तरीही करतात, कारण त्यांना माहेर जमिनीपेक्षा मोठं वाटतं, आणि त्यांच्या त्या निर्णयाचा मी मान राखते. पण तीन एकर सोडतोय हे माहीत असून सोडणं आणि 'नुसती सही कर' म्हटल्यावर करणं यात फार अंतर आहे.

ओळखीतले काही वकील म्हणतात की कोपार्सनरी आता काढूनच टाकावी, केरळने १९७५ च्या कायद्याने काढली तशी. बाबासाहेबांच्या बिलातही तेच होतं, त्यामुळे या मताचा मला आदर आहे. तरी माझं मत आज वेगळं आहे. कोपार्सनरी काढली की बाप सगळ्या जमिनीचा एकटा मालक होतो आणि एका मृत्युपत्राने सगळं मुलाला देऊन मोकळा होतो. माझ्याकडे मृत्युपत्र करायला येणाऱ्या बापांपैकी बहुतेकांना हेच हवं असतं, आणि ते तसं स्पष्ट बोलतात. १५४० नंतर इंग्लंडच्या बापांना जी वाट मोकळी झाली तीच ही. जन्माने आलेला वाटा मात्र मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. बापाला स्वतःच्या वाट्याचं काय ते करू दे, मुलीच्या वाट्याला तो हात लावू शकत नाही. म्हणून अशा बापाला मी आधी सातबारा आणायला सांगते, जुने फेरफार काढायला लावते आणि जमीन एकत्र कुटुंबाची, वडिलोपार्जित निघाली तर कागद पुढे सरकवून म्हणते, "आप्पा, यातली एवढी तुमची. बाकीची पोरींची आणि पोराची आहे, ती तुम्हाला लिहून देता येणार नाही."